जमीन वाळेपर्यंत

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी शेजाऱ्यांनी त्यांची कॅरॅव्हान उलटी घेत घेत आमच्या आवारात आणली आणि लिंबाच्या झाडापाशी हिरवळीवर उभी केली. आई मागच्या पायरीवरून पाहत होती. देवरुखहून पर्थला येऊन तिला जेमतेम तीन आठवडे झाले होते. लेकीचं घर धडधाकट उभं असताना सगळ्यांनी चाकांवरच्या एका खोलीत झोपायचं, हे तिला काही केल्या पटत नव्हतं.

"गळतंय का कुठे? वाळवी लागलीय?" तिने विचारलं.

"नाही गं आई. जमीन करायचीय."

तिचा चेहरा लगेच बदलला. "मग बाहेर पडायलाच हवं," ती म्हणाली आणि देव तबकात काढून घ्यायला आत गेली. जाता जाता दारात थांबून एवढंच म्हणाली, "पक्ष चालू आहे. पितृपक्षात नवं काही सुरू करू नये. पण हे नवं कुठे, जुनंच आहे. घट बसायच्या आत झालं म्हणजे झालं."

'जमीन करणं' म्हणजे काय हे तिला समजावून सांगायची गरजच नव्हती. आमच्या गावी पाऊस ओसरला की खळं खणायचं, ढेकळं फोडायची, पाणी मारून माती बसवायची, चोपण्याने चोपायची आणि शेवटी शेणाने सारवायची. घरातली जमीनही अशीच व्हायची. ती वाळेपर्यंत आम्ही मुलं पडवीत किंवा शेजाऱ्यांकडे. ओल्या सारवणावर कुणाचा पाय उमटला तर तो पुढच्या सारवणापर्यंत तसाच दिसायचा. जमिनीला माणसांपासून थोडा वेळ मोकळीक द्यावी लागते, हे आईला पर्थला येण्याच्या साठ वर्षं आधीपासून माहीत होतं. मला ते इथे, पन्नाशीला आल्यावर कळलं.

आमचं घर बेजवॉटर या उपनगरात आहे. १९५०च्या दशकातलं, विटांचं, कौलारू. इथल्या त्या काळच्या बऱ्याच घरांत जमीन मातीवर टेकलेली नसते. खाली लाकडाचे बुटके खुंट, त्यांवर आडव्या तुळया, त्यांवर वासे आणि वाशांवर फळ्या ठोकलेल्या असतात. एका फळीची जीभ दुसरीच्या खाचेत बसते. जमिनीखाली हात-दीड हात पोकळी राहते आणि भिंतीतल्या जाळ्यांमधून तिथे वारा खेळतो. पुण्याच्या जुन्या वाड्यात माडीवर चालताना पायाखाली जो पोकळ आवाज येतो, तोच आवाज इथे तळमजल्यावर येतो.

घर घेतलं तेव्हा हा आवाज ऐकू येत नव्हता, कारण फळ्यांवर भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा होता, करड्या रंगाचा, उन्हाने विटलेला. माझ्या धाकट्या मुलीला दमा आहे. डॉक्टरांनी सांगितलं, गालिचे काढता आले तर काढा. एका कोपऱ्यात नवऱ्याने पक्कडीने गालिचा उचलला, खालचा भुगा झालेला फोम झाडला, त्याखालचं वर्तमानपत्र बाजूला केलं, आणि आम्ही दोघंही गुडघ्यांवर बसलो ते बराच वेळ उठलो नाही. खाली जारा होतं.

जारा हे निलगिरीच्या कुळातलं झाड. जगात ते फक्त पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य कोपऱ्यात आपोआप उगवतं. नाव इथल्या मूळ नूंगार लोकांच्या भाषेतलं. इंग्रजांनी आधी त्याला 'स्वान रिव्हर महोगनी' म्हणून पाहिलं, पण टिकलं ते नूंगार नावच. लाकूड तांबडं, जुनं झालं की काळपटाकडे झुकणारं. मध्येमध्ये डिंकाच्या काळ्या शिरा. वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. लाकडाचा कडकपणा मोजायची एक पद्धत आहे: ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो ते पाहायचं. जाराला साधारण ८.५ किलोन्यूटन लागतो. आपल्या सागवानापेक्षा दीडपटीहून जास्त. सुताराची पटाशी बोथट करणारं लाकूड आहे हे.

फरशीवाले दोघे येऊन पाहून गेले. पहिल्याने खोलीच्या मध्यावर उभं राहूनच सल्ला दिला: हे घासत बसू नका, वरून प्लास्टिकच्या तयार पट्ट्या टाकतो, दोन दिवसांत मोकळे, घरही सोडायला नको. सल्ला वाईट हेतूने दिलेला नव्हता. घाई असलेल्या माणसाला तो योग्यही वाटेल. मला मात्र तो ऐकताना पोटात तुटलं. दुसरा आल्या आल्या बूट काढून आत आला, फळीवर आडवा झाला, डोळा जमिनीलगत नेऊन उजेडात पाहू लागला. मग खिशातून नाणं काढून फळीच्या कडेपाशी धरलं. "यापूर्वी एकदा घासलीय, पण हलक्या हाताने," तो म्हणाला. "जिभेच्या वर अजून भरपूर लाकूड आहे. तुमच्या नातवंडांनाही पुन्हा घासता येईल." त्याचे आजोबा दक्षिणेकडच्या एका लाकूड गिरणीत कामाला होते. काम त्यालाच दिलं. त्याची एकच अट होती: पहिल्या दिवशी सकाळी सात वाजता घर रिकामं हवं, आणि तो सांगेपर्यंत कुणीही आत पाऊल टाकायचं नाही.

घर रिकामं करायचं म्हणजे कपाटं, पलंग, पुस्तकं, फ्रीज, शिवणयंत्र, सगळं मोटार ठेवायच्या छपराखाली ताडपत्रीत बांधून ठेवायचं. आणि माणसं? नऊ-दहा रात्री पाच माणसांचं हॉटेल आम्हाला परवडणारं नव्हतं. मित्रांच्या घरी एक-दोन दिवस ठीक. शाळेला दोन आठवड्यांची सुट्टी होती, पण नवऱ्याची नोकरी चालू होती आणि आईचं पथ्य होतं. शेजारी निवृत्त जोडपं आहे. हिवाळ्यात कॅरॅव्हान जोडून उत्तरेला ब्रूमपर्यंत जातात, वसंतात परततात. अशा फिरत्या म्हाताऱ्यांना इथे 'ग्रे नोमॅड' म्हणतात. त्यांची गाडी परत येऊन उभीच होती. आमचं ऐकून शेजारीणबाई म्हणाल्या, "ती आमच्या दारात उभी आहे, ती तुमच्या दारात उभी राहील." तुमच्या आवारात कॅरॅव्हान ठेवून त्यात राहायचे नियम नगरपालिकेगणिक वेगळे असतात, म्हणून आधी फोन करून विचारून घेतलं. हे करायचं असेल त्याने तो फोन टाळू नये.

कॅरॅव्हान उभी करणं हेही कौशल्याचं काम निघालं. आधी पुढचं छोटं चाक फिरवून ती समतल करायची. शेजाऱ्यांनी पाणसळ लावून दोनदा तपासलं, कारण आतला गॅसवरही चालणारा फ्रीज जरा कलला तरी नीट थंड करत नाही. मग चाकांना अडसर, चार कोपऱ्यांत चार पाय. विजेची गंमत मला माहीत नव्हती: कॅरॅव्हानला १५ अँपिअरचा प्लग असतो, त्याची एक पिन घरच्या १० अँपिअरच्या सॉकेटपेक्षा रुंद असते, त्यामुळे तो साध्या सॉकेटमध्ये शिरतच नाही. पिन घासून बसवणारे लोक आहेत. तसं केलं तर वायर तापून आग लागू शकते. आम्ही इलेक्ट्रिशियनला बोलावून मागच्या भिंतीवर योग्य सॉकेट बसवून घेतलं. पाण्याला पिण्याच्या पाण्याची वेगळी नळी. भांडी धुतलेलं पाणी बादलीत आणि बादली लिंबाच्या बुंध्याशी. जुन्या घरांचा संडास मागच्या पडवीला लागून असतो, त्याला बाहेरून दार आहे, ते या दहा दिवसांत देवासारखं उपयोगी पडलं.

पहिली रात्र थंड होती. पर्थमध्ये सप्टेंबरअखेर पहाटे दहाच्या आसपास तापमान असतं. मोठ्या पलंगावर आई आणि दोन मुली, जेवणाचं टेबल खाली पाडून केलेल्या गादीवर आम्ही दोघं. शेगडी पेटवून ऊब घ्यायचा मोह होतो. तसं कधीही करू नये. बंद जागेत जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो. छताची झडप थोडी उघडीच ठेवून, रजया अंगावर घट्ट ओढून झोपलो. सकाळी पाच माणसांच्या श्वासाने काचांना आतून पाणी सुटलं होतं. आई उशाचं फडकं घेऊन एकेक काच पुसत होती. "पावसात गोठ्यात असंच व्हायचं," ती म्हणाली. त्या वाक्यात तक्रार नव्हती, ओळख होती.

देवांचं तबक तिने सिंकवरच्या फळीत बसवलं. निरांजन मात्र आत लावायचं नाही असं ठरलं. गॅसची टाकी, पडदे, अरुंद जागा. ती रोज संध्याकाळी गाडीच्या छपरीखाली, पायरीपासून दूर, मातीच्या पणतीत वात लावायची. फोडणीही बाहेर. बार्बेक्यूच्या सपाट तव्यावर तिने तांदळाच्या भाकऱ्या केल्या. त्या घरातल्या तव्यापेक्षा चांगल्या झाल्या, कारण आच सगळीकडे सारखी. समोरच्या रस्त्यावर बकाणा लिंबाचं झाड आहे. इथे त्याला केप लायलॅक म्हणतात. त्याच्या फळांवर रोज सकाळी लाल शेपटीचे काळे काकाकुवे उतरायचे. हे पक्षी मूळचे जाराच्या जंगलातले, म्हाताऱ्या झाडांच्या ढोल्यांत घरटी करणारे. अलीकडे ते शहरात खायला येतात. मुली भाकरी हातात घेऊन त्यांच्याकडे पाहत बसायच्या.

आत मात्र वादळ होतं. पहिल्या दिवशी फरशीवाल्याने प्रत्येक खिळा पंच लावून फळीच्या पृष्ठाखाली ठोकला. हजारो खिळे. एकही डोकं वर राहिलं तर यंत्राचा पट्टा फाटतो. गालिचाच्या कडेच्या काटेरी पट्ट्या, असंख्य स्टेपल. स्वयंपाकघरातल्या जुन्या टाइल्सना त्याने तोवर हातही लावला नव्हता, जोवर प्रयोगशाळेतून त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस नसल्याचा कागद आला नाही. ऑस्ट्रेलियात अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी ३१ डिसेंबर २००३ला आली, त्यामुळे जुन्या घरात कुठलीही टाइल तपासल्याशिवाय उखडायची नसते. मग मोठं यंत्र आलं. ४० नंबरचा पॉलिशपेपर आधी तिरका, मग फळीच्या रेषेने. मग ८०, मग १२०. भिंतीलगत कडा घासायचं छोटं यंत्र, आणि जिथे तेही पोचत नाही त्या कोपऱ्यांत हाताने खरवडणं. खिळ्यांच्या भोकांत त्याच रंगाची लांबी भरली. फळ्यांमधल्या फटी मात्र भरल्या नाहीत. लाकूड उन्हाळ्यात आकसतं, पावसाळ्यात फुगतं, भरलेलं सगळं दोन वर्षांत सुटून येतं. फटी दिसल्या तर दिसू द्याव्यात, असं मलाही वाटतं.

धुळीचं त्याला भय होतं, आणि ते खरं होतं. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५मध्ये माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या घटकांत टाकलं. तो पूर्ण चेहऱ्याचा मुखवटा लावून काम करायचा. दुसरी गोष्ट मला नवी होती: जुन्या रोगणाचा अंश असलेला तो बारीक भुसा पिशवीत दाबून राहिला तर आपोआप तापतो आणि रात्री पेट घेऊ शकतो. म्हणून रोज संध्याकाळी पिशवी आवाराच्या टोकाला नेऊन लोखंडी डब्यात रिकामी करायची, वर पाणी. तो तांबडा भुसा कुंकवासारखा दिसायचा. आईने चिमूटभर हातात घेऊन वास घेतला.

तिसऱ्या दिवशी तिला नुसतं बसवेना, म्हणून आम्ही जाराडेलला गेलो. पर्थच्या आग्नेयेला तासाभराच्या आत. या राज्यातला लाकूडतोडीचा पहिला मोठा मक्ता १८७२मध्ये इथे दिला गेला. जंगलापासून रॉकिंगहॅम बंदरापर्यंत रेल्वे टाकली गेली आणि जारा जगभर जाऊ लागलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनचे रस्ते जाराच्या ठोकळ्यांनी फरसबंद झाले. आणि भारतात गेले ते रेल्वेचे स्लीपर. रुळांखाली आडवे टाकायला वाळवी न लागणारं, पाण्यात न कुजणारं लाकूड हवं होतं. हे मी आईला जंगलातल्या पायवाटेवर उभं राहून सांगितलं. ती एका जुन्या बुंध्यापाशी थांबली. बुंधा तिच्या कमरेएवढा उंच, दोघांच्या कवेत न मावणारा, वणव्याने काळा पडलेला. आजूबाजूला नंतर उगवलेली झाडं, मांडीएवढी.

"म्हणजे हे लाकूड आधी आपल्याकडे येऊन गेलंय," ती म्हणाली.

"हो."

"आणि आता?"

आता राज्य सरकारने सरकारी जंगलातली व्यापारी तोड १ जानेवारी २०२४पासून थांबवली आहे. विरळणीतून आणि बॉक्साइटच्या खाणींसाठी जंगल साफ करताना जेवढं मिळतं तेवढंच. या जंगलाच्या मातीत अ‍ॅल्युमिनियमचं खनिज आहे आणि जाराडेलपाशीच १९६३मध्ये त्याची खाण सुरू झाली. वर मुळं कुजवणारा एका सूक्ष्मजीवाचा रोग, ज्याला इथे डायबॅक म्हणतात, चिखलाबरोबर बुटांना आणि चाकांना लागून पसरतो. पायवाटेच्या तोंडाशी बूट घासायचा ब्रश ठेवलेला असतो तो त्याचसाठी. आईने चपला दोनदा घासल्या.

परतताना मला पहिल्या फरशीवाल्याचं वाक्य आठवत होतं. काही शतकं उभं राहिलेलं झाड १९५०च्या आसपास कापलं, त्याच्या फळ्या माझ्या पायाखाली आहेत. ते झाड परत आणता येणार नाही, तोडायला नको होतं असंही आता म्हणता येईल. पण जे घरात आहे ते प्लास्टिकखाली गाडायचा मला अधिकार नाही. त्यासाठी दहा रात्री अंगणात काढाव्या लागल्या तर काढाव्यात. ही किंमत फार थोडी आहे.

रोगणाची निवड हा आमच्या घरातला खरा वाद होता. तेलाच्या जातीचं पॉलियुरेथेन जाराचा लाल रंग आणखी खोल करतं, मधासारखा. पण त्याच्या वाफा उग्र, वाळायला एका हाताला दिवस. पाण्यातलं दोन-चार तासांत वाळतं, वास कमी, रंग जरा फिका राहतो. नवऱ्याला मधाचा रंग हवा होता. मुलीचा दमा आठवल्यावर वाद संपला. पाण्यातलं घेतलं तरी घरात राहायचं नाहीच, हे फरशीवाल्याने बजावलं. पाऊल, मांजर, धूळ, एक केसही ओल्या रोगणात कायमचा अडकतो.

चौथ्या दिवशी तो पहिला हात देत होता. आम्ही मागच्या खिडकीच्या काचेला नाक लावून पाहत होतो. त्याने दूरच्या भिंतीपासून सुरुवात केली, लांब दांड्याचा रोलर फळीच्या रेषेने ओढत, मागे मागे सरकत. जिथे ओल पोचली तिथे लाकूड जागं झाल्यासारखं लाल होत गेलं. आई काचेला हात टेकवून उभी होती. तो दाराशी पोचला, शेवटची फळी ओली करून पायरीवर उतरला आणि दार ओढून घेतलं.

"आम्ही असंच," आई म्हणाली. "मागे मागे यायचं आणि दारातून बाहेर. नाहीतर स्वतःच अडकायचं." मग हवेत तळहाताने अर्धवर्तुळ काढून तिने त्याला सारवण दाखवलं. मी भाषांतर केलं. त्याने विचारलं, वाळायला किती वेळ? आईने आकाशाकडे बोट केलं. त्याने मान हलवली, जणू याहून अचूक उत्तर नसतंच.

त्या रात्री शेजारी छपरीखाली चहाला आले. त्यांच्या बोलण्यातून कळलं की ते स्वतः सात वर्षांचे होईपर्यंत गॅरेजमध्ये वाढले. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाभर घरांची टंचाई होती, विटा आणि लाकूडसुद्धा मिळत नव्हतं. माणसं जमिनीचा तुकडा घ्यायची, आधी मागे एक शेड किंवा गॅरेज उभारायची, त्यात संसार मांडायची आणि शनिवार-रविवारी समोर घर बांधायची. मेलबर्नमध्ये तर रॉयल पार्कातल्या लष्करी छावणीच्या पत्र्याच्या झोपड्यांत कुटुंबं राहत होती. १९५६च्या ऑलिंपिकच्या तोंडावर ती छावणी हटवली. शेजाऱ्यांच्या वडिलांनी घराच्या फळ्या स्वतः ठोकल्या होत्या. जमीन पूर्ण झाल्या दिवशी त्यांच्या आईने सगळ्यांना बूट काढायला लावून आत नेलं, एवढं त्यांना आठवतं. भिंतींना अजून प्लास्टर नव्हतं. "आम्ही तिथेच झोपलो त्या रात्री. जमिनीवर," ते म्हणाले.

दोन हातांमध्ये हलकी घासणी, मग दुसरा, मग तिसरा. शेवटच्या हातानंतर २४ तासांनी पायमोजे घालून आत यायची परवानगी मिळाली. सामान आणखी तीन दिवसांनी, तेही उचलून, ओढून नाही, प्रत्येक पायाखाली नमद्याची चकती लावून. सतरंज्या दोन आठवडे नाहीत, कारण रोगण वरून कोरडं वाटलं तरी आतून पक्कं व्हायला वेळ घेतं. रिकाम्या खोलीत मुली मोज्यांनी घसरत सुटल्या. आईने मोजे घातले, हळूच आत आली, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी वाकली. तिथे दोन फळ्यांवर जुने खड्डे आहेत, शेजारी शेजारी, बहुधा कुणा बाईच्या खुर्चीच्या पायांचे, वर्षानुवर्षं एकाच जागी सरकलेल्या. फरशीवाल्याने विचारलं होतं, खोल घासून काढू का. मी नको म्हटलं होतं.

"ही इथेच बसायची वाटतं," आई म्हणाली आणि भिंतीला टेकून त्या खड्ड्यांशेजारी मांडी घालून बसली.

घटस्थापनेला अजून तीन दिवस होते. शनिवारी शेजारी कॅरॅव्हान न्यायला आले. चार पाय वर घेतले, अडसर काढले, नळी गुंडाळली. गाडी गेल्यावर हिरवळीवर तिच्या आकाराचा पिवळा चौकोन राहिला. इथे स्प्रिंकलरने पाणी द्यायचे वार ठरलेले असतात. त्या दिवशी आमचा वार नव्हता. आईने देवांचं तबक आत नेऊन ठेवलं, झारी भरून आणली आणि चौकोनाच्या एका टोकापासून, मागे मागे सरकत, पाणी घालायला लागली.